प्रबंध उलटा करून वाचताना

पैठणी घेताना जाणकार बाई आधी पदर उलटा करून बघते. हातमागावर विणलेला मोर मागच्या बाजूनेही तसाच दिसतो, यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. पदव्युत्तर वर्गाचा लघुप्रबंध तपासायला हातात आला की तोही असाच आधी उलटून बघावा असं माझं मत आहे. पुढून सगळे प्रबंध सारखेच दिसतात. काळ्या कव्हरावर सोनेरी अक्षरं, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देशात आईवडील, ग्रंथपाल आणि रात्री जागून टंकलेखन करून देणारे दादा. दर्जा कळतो तो मागच्या पानांवर, म्हणजे परिशिष्टातल्या प्रश्नावलीत, तक्त्यांच्या बेरजेत आणि संदर्भसूचीत.

उलटून बघण्याआधी एक गोष्ट मात्र मनाशी नक्की करायला हवी. या कामाकडून मागायचं तरी किती? महाराष्ट्रात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे ३० तास धरले तर एकूण ३०० तास होतात. हे तास कसे खर्च होतात ते मांडून पाहावं. पन्नास कुटुंबांच्या प्रत्येकी पाऊण तासाच्या मुलाखती म्हणजे साडेसदतीस तास. वस्तीवर पोचणं, माणूस घरी न सापडणं, पुन्हा जाणं हे धरलं तर क्षेत्रकार्यातच नव्वद तास जातात. वाचनाला ऐंशी, माहिती भरण्या-तपासण्याला चाळीस आणि लेखनाला नव्वद, की तीनशे संपले. एवढ्या वेळात कुणी नवा सिद्धान्त मांडणार नाही. एक नेमका प्रश्न, त्याला शोभेल अशी पद्धत, प्रामाणिकपणे गोळा केलेला पुरावा आणि त्या पुराव्याला पेलेल इतकाच निष्कर्ष, एवढंच मागणं न्याय्य आहे. पण तेवढं मागायलाच हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद झाल्यापासून पीएच.डी.च्या आधी संशोधनाचा हात बसण्याची जागा बहुतेकांसाठी हीच उरली आहे.

नुसतं तत्त्व सांगून यातलं काही हाती लागत नाही. म्हणून समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा एक नमुनेदार विषय घेऊ: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार कुटुंबांचं उत्पन्न आणि मुलांचं शिक्षण. मराठवाड्यातल्या कॉलेजांत हा विषय हमखास येतो, आणि यावाच. विद्यार्थी त्याच गावांतले असतात. कित्येकांच्या घरातलीच माणसं कोयता घेऊन गेलेली असतात. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला वर्षभर राहून जे कळणार नाही ते या मुलांना मुळातच ठाऊक असतं. चुका होतात त्या ठाऊक असलेलं कागदावर आणताना.

सुरुवात शीर्षकापासून करू. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक अभ्यास’ या शीर्षकात कुठले कामगार, कधीचे आणि कुठली समस्या यातलं काहीच नाही. ‘एक अभ्यास’ हे शब्द काढून टाकले तरी काही बिघडत नाही, म्हणजे ते कामाचे नव्हते. याउलट शीर्षकात तालुका, गळीत हंगामाचं वर्ष आणि एकच बाजू, समजा, ‘हंगामी स्थलांतर आणि पाचवी ते आठवीच्या मुलांची शाळेतली उपस्थिती’, एवढं आलं की निम्मी लढाई जिंकली. विषय फार पसरट असेल तर तो दोष मात्र निम्म्याहून अधिक मार्गदर्शकाचा असतो. विषयाला संमती त्यांनी दिलेली असते. त्याचे सगळे गुण विद्यार्थ्याच्या पदरातून कापू नयेत.

शीर्षकानंतर थेट शेवटचं प्रकरण उघडावं. निष्कर्ष एका कागदावर उतरवून घ्यावेत आणि मग पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं शेजारी मांडावीत. उद्दिष्टं पाच आणि निष्कर्ष अठरा, त्यातले अकरा कुठल्याच उद्दिष्टाशी न जुळणारे, हे चित्र नेहमीचं आहे. असं होण्याचं कारण साधं असतं. प्रश्नावलीत तीस प्रश्न होते, म्हणून तीस तक्ते झाले आणि प्रत्येक तक्त्याखालच्या वाक्याला निष्कर्ष म्हटलं गेलं. ‘६८ टक्के कुटुंबांकडे मोबाईल आहे’ हे निरीक्षण झालं. ते कशाच्या तरी उत्तराचा भाग बनलं तरच त्याला निष्कर्ष म्हणता येईल. उलटंही घडतं. ‘शासकीय योजनांच्या परिणामकारकतेचा अभ्यास करणे’ असं भारदस्त उद्दिष्ट असतं आणि पूर्ण प्रबंधात त्यावर एकच प्रश्न असतो, ‘आपणास योजनेची माहिती आहे काय? होय / नाही’. माहिती असणं वेगळं आणि योजना परिणामकारक असणं वेगळं. हंगामी वसतिगृह गावात सुरू झालं का, किती मुलं तिथे राहिली, आईवडील परत आल्यावर त्या मुलांची हजेरी किती भरली, हे विचारलं असतं तर परिणामाबद्दल बोलता आलं असतं.

इथेच आणखी एक जुना गोंधळ दिसतो, गृहीतक आणि गृहीतकृत्य यांचा. गृहीतक म्हणजे आपण मान्य करून पुढे जातो ते, जसं की शाळेचं हजेरीपत्रक खरं आहे. गृहीतकृत्य म्हणजे जे तपासायचं आहे ते, जसं की वसतिगृहात राहिलेल्या मुलांची उपस्थिती सोबत नेलेल्या मुलांपेक्षा जास्त असते. ‘ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’ हे गृहीतकृत्य म्हणून लिहिलेलं असतं आणि शेवटी ‘सिद्ध झाले’ असा शेरा असतो. हलाखी कशाच्या तुलनेत, कुठल्या मापाने आणि कुठली माहिती हाती आली असती तर ते असिद्ध ठरलं असतं, या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर ते गृहीतकृत्यच नव्हे.

आता परिशिष्ट. प्रश्नावली नीट वाचल्याशिवाय तक्त्यांकडे जाऊ नये. उत्पन्नाचा प्रश्न कसा विचारला आहे ते बघा. ऊसतोडीत मोजणी कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. प्रश्नावलीत ‘तुमची मजुरी किती’ एवढंच असेल तर कुणी कोयत्याची सांगेल, कुणी स्वतःच्या वाट्याची, आणि दोन्ही आकडे एकाच रकान्यात जाऊन बसतील. सरासरी काढली की ती कुणाचीच नसते.

त्याहून मोठी चूक उचलीची. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल ही आगाऊ रक्कम असते, आणि पुढे तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती वळती होते. ‘उत्पन्नाचे स्रोत’ या तक्त्यात उचल आणि मजुरी दोन्ही मांडून बेरीज केली की तोच पैसा दोनदा मोजला जातो. त्या एका बेरजेमुळे गरीब कुटुंब कागदावर सुस्थितीत दिसायला लागतं आणि पुढची दहा पानं चुकीच्या आकड्यावर उभी राहतात. उलट बाजूने, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून येणारे रोजचे पैसे बहुतेक प्रश्नावल्यांतून सुटतात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. ती कर्ज म्हणून नोंदली आहे का? स्वतःची बैलगाडी असलेलं कुटुंब आणि डोक्यावरून मोळ्या ट्रकमध्ये भरणारं कुटुंब वेगवेगळं धरलं आहे का? गाडीवाल्याला वाहतुकीचेही पैसे मिळतात, पण बैलांचा खर्चही त्याच्याच डोक्यावर असतो. हे सगळं ज्याने प्रश्नावलीत आणलं त्याला विषय कळला आहे. त्याच्या भाषेत चार चुका असल्या तरी चालतील.

नमुना निवडीबद्दल प्रबंधात एक परिच्छेद असतोच. त्यात सूत्र असतं. दहा हजार कुटुंबांची समष्टी (ज्यातून नमुना निवडायचा तो सगळा समूह), पाच टक्के त्रुटी, म्हणून नमुना ३८५. पुढच्याच पानावर ‘वेळेअभावी सोयीस्कर पद्धतीने ५० कुटुंबे निवडली’. ते सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून करावी तशा निवडीसाठी आहे. ओळखीच्या वस्तीवर जाऊन भेटतील ती कुटुंबं घ्यायची असतील तर त्याचा काही उपयोग नाही, मग ती पन्नास असोत की पाचशे. यादृच्छिक निवड खरोखर केली असती तरी पन्नासांच्या नमुन्यात टक्केवारी वर-खाली साधारण चौदाने हलू शकते, शंभरात दहाने, चारशेत पाचने. म्हणजे पन्नास कुटुंबांवरून ‘५४ टक्के विरुद्ध ४६ टक्के’ असा फरक सांगण्यात फारसा अर्थ नाही. सोयीस्कर नमुना घेणं हा गुन्हा नाही. तीनशे तासांत बहुधा तेच शक्य असतं. तो घेतला असं सरळ लिहावं आणि निष्कर्षात ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार’ न म्हणता ‘अभ्यासलेली ५० कुटुंबे’ म्हणावं. या दोन शब्दप्रयोगांत प्रबंधाच्या दर्जाचा बराचसा फरक सामावलेला असतो.

नमुना किती मोठा यापेक्षा तो कधी आणि कुणामार्फत घेतला हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. माहिती डिसेंबर-जानेवारीत गावात जाऊन गोळा केली असेल तर गावात भेटले कोण? म्हातारी माणसं, मागे ठेवलेली मुलं आणि त्या वर्षी न गेलेली कुटुंबं. जे स्थलांतर करतात त्यांचा अभ्यास आणि भेटले न गेलेले. मे-जूनमध्ये घेतली असेल तर सगळे घरी असतात, पण हंगामातली मजुरी, आजारपण, मुलांची गैरहजेरी आठवणीतून सांगितली जाते. आठवणीत मोठे खर्च राहतात, लहान गळतात. कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, जाऊन घेतली असेल तर माणसं पहाटेपासून फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, असतात आणि रात्री थकून आलेल्या माणसाला तीस प्रश्न विचारले की शेवटच्या दहांची उत्तरं एकसारखी येतात. भरलेल्या प्रश्नावल्या चाळताना हे स्पष्ट दिसतं, शेवटच्या पानावर खुणांची सरळ उभी रांग असते. आणि मुकादमाने ओळख करून दिली असेल तर उचलीच्या वादाबद्दल त्याच्यादेखत कोण बोलणार? यातली कुठलीही वेळ किंवा वाट निवडली तरी काहीतरी निसटतंच. विद्यार्थ्याने ते ओळखून लिहिलं आहे का, एवढंच बघायचं.

यानंतर तक्ते. यासाठी संगणकशास्त्र नको, साधा गुणाकार पुरतो. पन्नास जणांत एक माणूस म्हणजे दोन टक्के. म्हणून पन्नासांच्या तक्त्यात ४७ टक्के येऊच शकत नाहीत, साडेतेवीस माणसं कुठून आणणार? साठ मुलांत ३५.५ टक्के म्हणजे २१.३ मुलं. असा आकडा दिसला की दोनच शक्यता राहतात. काहींनी उत्तर दिलं नाही आणि ते नोंदवायचं राहिलं, किंवा आकडा मोजलेलाच नाही. पहिली शक्यता धरून विचारावं. अनेकदा तीच खरी निघते. प्रत्येक तक्त्यात एकूण उत्तरदात्यांची संख्या लिहिण्याची सवय लागली की हा प्रश्न मिटतो. एकाहून अधिक पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नात टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, तेही तक्त्याखाली सांगायला हवं. नाहीतर काही विद्यार्थी बेरीज जुळवण्यासाठी आकडेच वाकवतात.

सरासरी वार्षिक उत्पन्न ‘१,३७,४८२.६४ रुपये’ असं लिहिलेलं असतं. लोकांनी ‘लाख-सव्वा लाख’ असं अंदाजे सांगितलेलं असताना हे चौसष्ट पैसे येतात ते फक्त भागाकारातून. ‘सुमारे १ लाख ३७ हजार’ लिहावं. नमुन्यात एखादं मुकादमाचं कुटुंब असेल तर त्याच्यामुळे मध्य, म्हणजे सरासरी, वर सरकतो. अशा ठिकाणी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यायला हवा. दोन गोष्टींतला संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी काय-वर्ग कसोटी लावलेली असेल तर आधी तक्त्याच्या कप्प्यांतल्या अपेक्षित वारंवारता, म्हणजे संबंध नसता तर आल्या असत्या त्या संख्या, बघाव्यात. त्या पाचाच्या खाली असलेले कप्पे बरेच असतील तर कसोटीचं उत्तर भरवशाचं नसतं, आणि पन्नास जणांना पाच उत्पन्नगटांत आणि चार शिक्षणगटांत विभागलं की तसं होतंच. वीस कप्पे, पन्नास माणसं. दोन-दोन गट एकत्र करून पुन्हा बघणं हा त्यावर सोपा उपाय आहे. संगणकाने छापलेलं ‘०.०००’ तसंच उतरवून ‘संभाव्यता शून्य’ असं भाष्यही दिसतं. ते ०.००१ पेक्षा कमी असतं, शून्य कधीच नसतं. खरं सांगायचं तर या पातळीवर बऱ्याच प्रबंधांना कसोटीची गरज नसते. नीट केलेला दुहेरी तक्ता आणि त्याखाली विचार करून लिहिलेली पाच ओळींची चर्चा मी न कळलेल्या कसोटीपेक्षा वर ठेवीन.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं एक ठरलेलं रूप झालं आहे. वीस परिच्छेद, प्रत्येकाची सुरुवात ‘अमुक यांनी तमुक साली… या विषयावर संशोधन केले’ अशी. वर्षानुसार लावले की झालं. ही यादी आहे. आढावा म्हणजे या वीस जणांना एका पंगतीत बसवून कोण कशावर सहमत आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही आणि कुठे कुणीच बोललेलं नाही, ते सांगणं. तपासायची सोपी रीत अशी: आढाव्यातली नावं शेवटच्या प्रकरणात परत येतात का ते शोधावं. एकही परत आलं नसेल तर तो आढावा संशोधनासाठी वापरलाच गेला नाही, फक्त पानं भरली.

संदर्भसूचीतल्या पाच-सहा नोंदी मधूनमधून उचलून प्रत्यक्ष शोधून पाहाव्यात. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराच्या दिवसांत तर हे टाळून चालणारच नाही, कारण नाव खऱ्यासारखं, नियतकालिक खरं, पण लेख अस्तित्वातच नाही, अशा नोंदी येऊ लागल्या आहेत. लेखाचा डीओआय, म्हणजे इंटरनेटवर लेख शोधून देणारा त्याचा कायमचा क्रमांक, दिलेला असेल तर तो टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. क्रमांक नसेल तर खंड आणि वर्ष यांचा मेळ बघावा. वर्षाला एक खंड काढणाऱ्या नियतकालिकाचा २००५चा खंड बारावा असेल तर २०२३चा तिसावा असायला हवा. मराठी संदर्भांत वेगळी गफलत होते, आवृत्तीचं वर्ष हेच लेखनाचं वर्ष समजलं जातं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्यांविषयी लिहिलेला मजकूर समग्र वाङ्मयाच्या अलीकडच्या आवृत्तीतून घेतला आणि कंसात फक्त त्या आवृत्तीचं साल टाकलं, तर वाचणाऱ्याला शंभराहून अधिक वर्षांचा चकवा बसतो. दोन्ही सालं द्यावीत. संदर्भ कुठल्या शैलीत लिहिले यावर गुण कापणाऱ्यांशी मी सहमत नाही. एकच शैली शेवटपर्यंत पाळली आणि दुसऱ्याला तो संदर्भ सापडला, एवढं पुरे.

वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीने परीक्षकांचं काम सोपं झाल्यासारखं वाटतं, पण तसं झालेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची, ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही आणि ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर हे मोजणीतून वगळायचं असतं. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्यही वगळायचं. हे न वगळता काढलेला आकडा घेऊन विद्यार्थ्याला घाबरवणं अन्यायाचं आहे. आणि ९ टक्के आले म्हणून निर्धास्त होणंही चूक, कारण ते ९ टक्के निष्कर्षांच्या प्रकरणातली सलग सहा पानं असू शकतात. आकडा बाजूला ठेवून, जुळलेला मजकूर रंगवून दाखवणारा प्रणालीचा अहवाल वाचायला हवा.

मराठी प्रबंधांत तर याहून मुळातली अडचण आहे. अजूनही पुष्कळ टंकलेखन जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, पडद्यावर फक्त देवनागरी आकार दिसतात. तपासणी करणाऱ्या प्रणालीला ते निरर्थक रोमन अक्षरांचे पुंजके वाटतात. ती कशाशी जुळवणार? साम्य शून्य किंवा एक टक्का येतं आणि प्रमाणपत्र मिळतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाईलवरच्या संदेशात चिकटवावी. देवनागरीऐवजी रोमन कचरा उमटला तर तो अहवाल काहीच सांगत नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासायला द्यावा. रूपांतरात रफार आणि वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, त्याही हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

इंग्रजीतून यंत्राकडून भाषांतर करून घेतलेला मजकूर मात्र कुठल्याच प्रणालीच्या हाती सहजासहजी लागत नाही, तो वाचणाऱ्याच्या कानालाच खटकतो. क्षेत्रकार्याला ‘शेतातील काम’ म्हटलेलं दिसतं, ‘फील्ड’चा अर्थ यंत्राने शेत धरलेला असतो. समष्टीच्या जागी ‘लोकसंख्या’ येते, मग ‘या अभ्यासाची लोकसंख्या शिक्षक आहे’ असं वाक्य तयार होतं. तक्त्याच्या कप्प्याला ‘पेशी’ म्हणतात. सांख्यिकीतला लक्षणीय फरक ‘महत्त्वाचा फरक’ होतो. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ या वाक्याने पानाआड एक परिच्छेद सुरू होतो. असं पान सापडलं की त्याच विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं पान, बहुधा गावाची ओळख करून देणारं, शेजारी ठेवावं. एकाच हाताची ही दोन पानं आहेत का ते लगेच कळतं. तरी केवळ कानाच्या साक्षीवर गुण कापू नयेत, मौखिक परीक्षेत त्या परिच्छेदाचा अर्थ विचारावा.

भाषेविषयी माझी भूमिका मवाळ आहे आणि ती तशीच राहावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने मोजत बसल्याने संशोधनाचा दर्जा कळत नाही. नावांत आणि संज्ञांत सातत्य मात्र हवं. एका पानावर ‘स्थलांतर’, दुसऱ्यावर ‘स्थानांतरण’, तिसऱ्यावर ‘विस्थापन’ असं झालं की वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि विस्थापन ही खरोखरच वेगळी गोष्ट आहे. कोपी, वाढे, उचल, फड, मुकादम हे शब्द विद्यार्थी घाबरत घाबरत अवतरणचिन्हांत घालतात किंवा काढूनच टाकतात आणि ‘तात्पुरता निवारा’, ‘आगाऊ रक्कम’ असं लिहितात. तसं करू नये. ते शब्द त्या व्यवसायाचे आहेत आणि त्यांच्यासोबत व्यवहाराचा अर्थ येतो. एक छोटी शब्दसूची जोडावी.

एका दोषाकडे मात्र मी मवाळपणे बघणार नाही. पुरावा म्हणून परिशिष्टात उत्तरदात्यांची नावं, गावं, मोबाईल क्रमांक, कधी तर मुलांचे चेहरे दिसणारे फोटो छापलेले असतात. ‘क्षेत्रकार्य खरंच केलं’ हे दाखवण्यासाठी मार्गदर्शकांनीच ते मागितलेलं असतं. ज्या बाईने मुकादमाकडे किती बाकी आहे ते विश्वासाने सांगितलं तिचं नाव ग्रंथालयाच्या कपाटात कायमचं जातं. क्रमांक देऊन नावं झाकावीत. मूळ प्रश्नावल्या विभागात बंद ठेवाव्यात आणि परीक्षकाने त्या तिथे पाहाव्यात. मुलांशी बोलण्याआधी पालकांची संमती घेतली का, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेलं असायला हवं.

गुण देताना मी सुचवेन ती वाटणी अशी: शंभरातले तीस पुरावा आणि विश्लेषणाला, पंचवीस पद्धतीला, प्रश्नाच्या नेमकेपणाला पंधरा, आढाव्याला पंधरा, मांडणीला पंधरा. विद्यापीठाचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळावा, पण मनातल्या तराजूत पानांची संख्या आणि बांधणी घालू नये. गठ्ठ्यातले पहिले तीन प्रबंध गुण न देता वाचावेत. पहिल्याला कडक आणि पंधराव्याला, दमल्यामुळे, सैल माप लागतं. तीन वाचून झाले की त्या वर्षाची पातळी लक्षात येते. दोन परीक्षकांत दहाहून अधिक गुणांचा फरक पडला तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. दोघांनी कुठल्या पानामुळे फरक पडला ते एकमेकांना दाखवावं. शेऱ्यात ‘प्रबंध समाधानकारक आहे’ असं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. ‘तक्ता ४.६मध्ये उचल उत्पन्नात धरली आहे, ती वजा करून तक्ता ४.७ आणि निष्कर्ष ३ पुन्हा लिहावेत’ असा शेरा विद्यार्थ्याला एका संध्याकाळचं काम देतो आणि तो ते करतो.

मौखिक परीक्षेला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ती ‘संशोधन म्हणजे काय’ या प्रश्नावर घालवू नयेत. एखादी भरलेली प्रश्नावली मागून घ्यावी आणि त्या कुटुंबाबद्दल सांगायला लावावं. प्रबंधातलं कुठलं विधान तुला स्वतःला सगळ्यात कमी खात्रीचं वाटतं, हे विचारावं. आणि कुठल्या प्रश्नाला लोक अडखळत होते, हेही विचारावं. वस्तीवर गेलेल्या मुलाला या शेवटच्या प्रश्नाला आठवावं लागत नाही. एखादी मुलगी सांगते की उचलीचा प्रश्न नवरा समोर असला की बायका त्याच्याकडे बघायच्या, म्हणून नंतर नंतर ती तो प्रश्न बाई भाकऱ्या थापत असताना एकटीला विचारायची आणि आकडा वेगळा यायचा. हे वाक्य प्रबंधात कुठेच नसतं. मार्गदर्शकांनी ‘हे शास्त्रीय नाही’ म्हणून काढायला सांगितलेलं असतं किंवा तिलाच ते लिहिण्यासारखं वाटलेलं नसतं. अशा वेळी तिला कागद द्यावा, पहिल्या किती कुटुंबांत नवऱ्यासमोर विचारलं आणि नंतर किती जणींना एकटीला विचारलं, दोन्हीकडचे आकडे काय आले, ते तिथेच लिहून काढायला सांगावं. सादर केलेली प्रत बहुतेक ठिकाणी स्पायरलचीच असते, पक्की बांधणी नंतर होते. ते पान तिसऱ्या प्रकरणात, नमुना निवडीनंतर घालता येतं.